आईंची दुभाषी मी व्हायला नको होतं

सासूबाईंना आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा इथे मेलबर्नमध्ये डॉक्टरांसमोर भाषांतराला मीच बसले. इंग्रजी येणारी सून घरात असताना परकं माणूस कशाला? डॉक्टर म्हणाले, आजार यकृतात पसरलाय. किमोनं काही काळ आटोक्यात राहील, पण बरा होणार नाही. मी आईंना म्हटलं, "औषधांनी आटोक्यात राहील." पुढचं वाक्य तोंडातून फुटलंच नाही.

दोन महिने त्या बरं होण्याची वाट बघत सुया सोसत राहिल्या. उपचार कुठवर घ्यायचे हे ठरवायचा हक्क त्यांचा होता, आणि तो मी मायेपोटी काढून घेतला.

नर्सच्या हे लक्षात आलं. तिनं दुभाषी मागवला, तर आला हिंदीचा! भारतातली बाई म्हणजे हिंदी येणारच, असं कुणीतरी धरून चाललं होतं. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिल्या. डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून हलवलेली ती मान; फाइलमध्ये मात्र 'रुग्णाला समजलं' अशी नोंद झाली.

खरं तर चूक त्याआधीच सुरू झाली होती. इथे ५० ते ७४ वयाच्या लोकांना आतड्याचा कॅन्सर लवकर कळावा म्हणून दर दोन वर्षांनी शौचाच्या तपासणीचं किट सरकारकडून पोस्टानं मोफत येतं. आईंनाही आलं होतं. सूचना इंग्रजीत, आणि विषय घरात बोलायची लाज वाटावी असा. पाकीट कपाटात तसंच पडून राहिलं.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियानं कॅन्सरसाठी दहा वर्षांचा राष्ट्रीय आराखडा आणला. वेगळी भाषा-संस्कृती असलेल्या रुग्णांकडे त्यात खास लक्ष दिलंय. पण आराखडा खोलीत येऊन बोलत नाही. तुमची मुलं इथे असतील तर त्यांना सांगा: अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी दुभाषी हवा' असं स्पष्ट म्हणा. सरकारी रुग्णालयात त्याचे पैसे पडत नाहीत. टीआयएस नॅशनल ही सरकारी सेवा १३१ ४५० वर चोवीस तास फोनवरून दुभाषी जोडून देते.

पुढच्या भेटीला फोनवर मराठी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी डॉक्टरांचं एकही वाक्य गाळलं नाही. आई बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "किमो थांबवली तर फार दुखेल का?"

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून सावकाश सांगू लागले. मी नुसता आईंचा हात धरून बसले होते.