बाहीवरचा खडू

स्मरणिका समितीने ‘शाळेने मला काय दिलं’ या विषयावर लिहायला सांगितलंय. कवायत, बक्षीस समारंभ, स्नेहसंमेलन हे इतरांनी लिहिलं असेलच. मी आठवीतल्या एका फळ्याबद्दल लिहितो.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात. घरात चार पॉवरलूम, त्यांवर टॉवेल निघायचे. गणवेशाला चिकटलेले सुताचे तंतू मी वर्गात बसून दोन बोटांनी हळूच वेचायचो. पोरांना तेवढं पुरायचं. माझं चालणं, बोलणं, हात हलवणं, सगळ्याला त्यांच्याकडे एकच शब्द होता. एके दिवशी तो माझ्या नावापुढे फळ्यावर आला : बायल्या.

तास गणिताचा. शिकवणाऱ्या नन, आमच्या सिस्टर, आत आल्या, त्यांनी वाचलं. डस्टर जागेवर नव्हतं. (ते कुणी लपवलं होतं हे मला ठाऊक आहे. तो आज याच समितीवर आहे, आणि आता चांगला मित्रही.) सिस्टरनी झग्याच्या पांढऱ्या बाहीने फळा पुसला, अवयव पाडायचं उदाहरण लिहिलं आणि सोडवायला मला बोलावलं. कुणाला रागावल्या नाहीत. मलाही जवळ घेऊन समजावलं नाही. तास संपेपर्यंत बाही खडूने माखलेली होती. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. निदान एकाला तरी छडी बसायला हवी होती!

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमाचा निकाल दिला आणि प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्या रात्री पुण्यातल्या खोलीवर मी पहाटेपर्यंत वाचत बसलो. त्या वाचनात अमेरिकेतल्या सिस्टर जनीन ग्रॅमिक भेटल्या. त्याही गणिताच्याच! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरेट करत असताना, 1971 मध्ये, त्यांची डॉमिनिक बॅश या समलिंगी तरुणाशी ओळख झाली. माझ्यासारख्यांसाठी चर्च काय करतंय, असं त्याने विचारलं. त्यातून अशा मंडळींसाठी घरीच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, होऊ लागली. 1977 मध्ये फादर रॉबर्ट न्यूजंट यांच्याबरोबर सिस्टरनी ‘न्यू वेज मिनिस्ट्री’ ही अशा मंडळींसाठी काम करणारी संस्था काढली.

1999 मध्ये व्हॅटिकनने दोघांनाही या कामातून कायमचं बाजूला होण्याचा हुकूम दिला. तो देणाऱ्या खात्याचे प्रमुख कार्डिनल रात्झिंगर पुढे पोप बेनेडिक्ट झाले. फादर न्यूजंटनी हुकूम मानला. त्यांना नावं ठेवणं मला जमत नाही. व्रत घेतलेल्या माणसाला आज्ञापालन सोपं नसतं आणि आज्ञाभंग तर त्याहून नसतो. पुढच्या वर्षी सिस्टरना या विषयावर बोलूही नका असं सांगण्यात आलं. माझ्याच दडपणुकीला मी हातभार लावणार नाही, असं म्हणून त्या बोलत राहिल्या. 2001 मध्ये त्या लोरेटो सिस्टर्स या नन्सच्या दुसऱ्या संघात गेल्या, पण नन म्हणूनच राहिल्या. चर्च सोडलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. रागावून दार आपटून निघून जाणं मी स्वतः दोनदा केलंय, त्यात काही कौशल्य लागत नाही.

17 ऑक्टोबर 2023 रोजी पोप फ्रान्सिस त्यांना व्हॅटिकनमधल्या आपल्या निवासात भेटले. चर्चची शिकवण त्या भेटीने बदलली नाही. पण ज्या दाराबाहेर त्यांना उभं केलं होतं, त्याच्या आत त्या जाऊन बसल्या.

हे सगळं सांगायला मी आपल्या सिस्टरना फोन केला. निवृत्त होऊन त्या आता दूर, त्यांच्या संघाच्या घरी असतात. ऐकू कमी येतं. ग्रॅमिक सिस्टरांची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग मी माझंही सांगितलं, आणि सोबत राहणाऱ्याचंही. जरा वेळ पलीकडून काहीच नाही. मग म्हणाल्या, “तुझं नाव रोज सकाळी प्रार्थनेत घेते. त्याचं काय नाव?”

मी सांगितलं. “काय?” परत सांगितलं. तरी नाही. तिसऱ्यांदा मी ओरडूनच सांगितलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा राहून. वॉचमन वळून बघायला लागला.