चार पाने आणि दीड ओळ

८ मे, रात्री साडेदहा

आजची तारीख मनात होती, म्हणून जेवणे झाल्यावर २०२० सालची रोजनिशी मुद्दाम काढून बसले. त्या वर्षी २९ एप्रिलला इरफान खान गेले, त्या दिवशी मी चार पाने लिहिली आहेत. अक्षर थरथरलेले आहे, एका ठिकाणी शाई फुटलेली आहे. चारच दिवस आधी जयपूरला त्यांच्या आईचे निधन झाले होते आणि टाळेबंदीमुळे त्यांना आईच्या अंत्यविधीला जाता आले नव्हते, हे वाचून मी किती वेळ रडले तेही त्यात आहे. दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर गेले, त्यांच्यासाठी आणखी एक पान आहे.

८ मेच्या पानावर मात्र एवढेच आहे : ‘करमाडजवळ पहाटे मालगाडीखाली सोळा मजूर गेले. फार वाईट झाले.’ त्याच्याखाली, त्याच शाईने, सोसायटीत उद्या हापूसच्या पेट्या येणार असून मी तीन डझन सांगितले आहेत, अशी नोंद आहे.

ते पान मी बराच वेळ उघडेच ठेवले. ती माणसे जालन्याच्या पोलाद कारखान्यातील कामगार होती आणि मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतील आपल्या गावी परतण्यासाठी भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाली होती, कारण तिथून गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. रात्रभर चालून थकल्यावर बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान ती रुळांवरच आडवी झाली. थोड्या अंतरावर झोपलेले सोबती वाचले. चालकाने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला, पण ती थांबली नाही. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले आणि मीही पाहिले.

‘रुळांवर कोणी झोपते का?’ असे तेव्हा पुष्कळ लोक म्हणत होते. रोजनिशीत तसे लिहिलेले नसले तरी हे वाक्य मीही घरात बोलले होते, हे मला स्वच्छ आठवते. प्रवासी गाड्या महिनाभराहून अधिक काळ बंद होत्या, महामार्गावर पोलीस अडवतील या भीतीने कितीतरी मजूर रुळांच्या कडेने चालत होते, आणि इतके चालल्यानंतर माणसाला जिथे बसेल तिथेच झोप लागते. हे समजण्यासाठी फार विद्वत्ता लागत नव्हती, दोन मिनिटे थांबावे लागले असते. मी थांबले नाही.

इरफान यांच्यासाठी आलेले रडू खोटे होते असे मला आजही वाटत नाही. त्यांचे डोळे, त्यांचे थांबून थांबून बोलणे, २०१८ साली त्यांनी स्वतःच जाहीर केलेले आजारपण, हे सारे माझ्या घरात वर्षानुवर्षे येत होते. म्हणजे त्या दुःखाची तयारी आधीच झालेली होती. त्या सोळा जणांविषयी काही कळण्याची पहिली वेळ ती त्यांच्या मृत्यूचीच. त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली होती, वयेही आली होती, पण ती यादी मी वाचली नाही. आईपर्यंत पोहोचू न शकलेल्या एका मुलासाठी मी हळहळले आणि त्यानंतर नऊच दिवसांनी घरापर्यंत पोहोचू न शकलेल्या सोळा मुलांची बातमी आली, तेव्हा दोन्ही ठिकाणी टाळेबंदी तीच होती आणि ओढही तीच होती, हे माझ्या लक्षातसुद्धा आले नाही. याचे मला आज फार वाईट वाटते आहे.

पुढे जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत गेला आणि दूरचित्रवाणीवर महिनोन्‌महिने दुसरे काही उरलेच नाही. त्या गदारोळात गावी पोहोचलेल्या मजुरांच्या चुली कशा पेटत होत्या, हे विचारण्याइतकी सवड फार थोड्यांना राहिली. मी त्या थोड्यांत नव्हते.

हे सगळे आज इतके लागण्याचे कारण सकाळचे आहे. आमचे इस्त्रीवाले काका पंधरा-वीस दिवस दिसले नव्हते. परवा आले, तेव्हा टोपीखाली डोके भादरलेले होते आणि खुंट नुकते वर येऊ लागले होते. मी ते पाहिले, आणि तरी बारा कपडे मोजून देत ‘उद्यापर्यंत मिळतील ना?’ एवढेच विचारले. रात्रभर ते मनात टोचत राहिले. आज सकाळी कपडे आणण्याच्या निमित्ताने मी खाली त्यांच्या टपरीशी गेले आणि विचारले, “काका, घरी काय झालं?”

“वडील गेले, ताई. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी.” एवढे बोलून ते माझ्या हिशेबाची वही शोधू लागले. मी म्हटले, वही राहू द्या, वडील काय करायचे ते सांगा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, इस्त्री उभी करून ठेवली, आणि गावातल्या विहिरींच्या बांधकामावर वडिलांचा हात कसा होता, ते सांगू लागले.