तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठीशिवाय सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयाच्या दुखण्यानं छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी, का देत नाही?

"घरात असू द्यावी म्हणून एक पट्टी द्या की. पैसे काय बुडवतोय का?" कळंबच्या माझ्या मेडिकलवर हे सारखं ऐकतो. नाही म्हणलं की 'ह्याला लई आलंय' असं बघतात.

मला भ्या पैशाचं नाही, गोळीचं आहे. जिभेखाली विरघळली की शरीरात तिच्यापासून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, त्याचं ओझं कमी होतं, कळ थांबते. गिळली तर बरीचशी यकृतातच संपते. पण सैलावतात त्या अंगभरच्या शिरा. म्हणून डोकं ठणकतं, बीपी उतरतो.

साडूच्या पोरीचं लग्न, ऐन मे महिना. साडू सकाळपासून पाण्याचा घोट न घेता वऱ्हाडामागे पळत होते. छातीत जळजळतंय म्हणाले. एका पाहुण्यानं खिशातली पट्टी काढली अन् उभ्या उभ्याच गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. मी आचाऱ्यापाशी होतो. गलका ऐकून आलो तर साडू सतरंजीवर पडलेले, अंग गारठलेलं, नाडी हाताला लागेना. उताणं निजवून पाय लोडावर ठेवले, मग जीपमध्ये घालून दवाखाना. सलाईन लागलं, ईसीजी नीट निघाला. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "ताकदीची गोळी घेता का? व्हायग्रासारखी?" साडू नाही म्हणाले. व्हायग्रातलं सिल्डेनाफिल घेऊन 24 तास झाले नसतील किंवा त्याच जातीचं टाडालाफिल घेऊन 48, तर सॉर्बिट्रेटनं बीपी जिवावर बेतेल इतका उतरतो. आता सांगा, व्याह्यांसमोर मांडवात हे कोण विचारणार? अन् विचारलं तर खरं कोण सांगणार?

ते पाहुणे अजून म्हणतात, "खरंच अटॅक असता तर?" अटॅकमधली रक्ताची गुठळी ह्या गोळीनं विरघळत नाही, हे त्यांना पटत नाही. मात्र दुकान नवं होतं तेव्हा मीही त्यांच्यासारखाच वाद घालायचो: रात्री दोनला, वस्तीवर, गाडी मिळेना, तर माणसानं करावं काय? ह्याचं उत्तर तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

ज्यांना डॉक्टरांनी लिहून दिली त्यांनी ती जवळ बाळगायलाच पाहिजे. त्यांना देताना सांगतो, बसून घ्या, पाच मिनिटांत कळ गेली नाही तर गाडी बोलवा.

आणि हो, चिठ्ठी हरवून नुसती रिकामी पट्टी आणणाऱ्या म्हातारीला मी देतो. पट्टी तिचीच कशावरून, असं विचाराल तर गप्प बसेन.