पल्प हा बँड पंधरा वर्षं करत काय होता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही एकटे नाही. गिटार शिकायला येणारी मुलं विचारतात आणि त्यांना न्यायला आलेले आईबाबाही विचारतात, फक्त सूर वेगळा असतो. मुलं म्हणतात, "ताई, तो पल्प म्हणे पंधरा वर्षं कुणालाच माहीत नव्हता, तरी टिकला. कसा काय?" आईबाबा म्हणतात, "तुम्ही त्या कुठल्याशा बँडचं उदाहरण देता म्हणे मुलांना?" मुलांना ऐकायचं असतं की चिकाटी सोडली नाही तर आपलाही दिवस येतो. आईबाबांना ऐकायचं असतं की तो लाखात एक अपवाद होता. माझं उत्तर ऐकून दोघांचीही तोंडं पडतात.

ज्यांना पल्प माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. शेफिल्ड हे उत्तर इंग्लंडमधलं पोलादाचं आणि सुऱ्या-चमच्यांचं शहर. १९७८ साली तिथल्या सिटी स्कूलमध्ये शिकणाऱ्या जार्व्हिस कॉकर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलानं मित्र जमवून बँड काढला. नाव ठेवलं 'अरॅबकस पल्प', त्यातला पहिला शब्द लवकरच गळाला. जार्व्हिस उंच, काटकुळा, जाड भिंगांचा. पाचव्या वर्षी मेनिंजायटिस झाला आणि नजर अधू झाली. सातव्या वर्षी वडील घर सोडून ऑस्ट्रेलियाला गेले. शाळेत असताना तो शनिवारी मंडईत मासळीच्या गाळ्यावर कामाला असायचा, खेकडे साफ करायचा. हाताचा वास जाता जात नसे. पुढे ज्याला सगळं ब्रिटन एक ऐटबाज माणूस म्हणून ओळखू लागलं, त्याची सुरुवात ही अशी.

१९८१ मध्ये त्यानं बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील याच्या हातात एक कॅसेट दिली. पील म्हणजे तेव्हाच्या नव्या बँडांचा देवमाणूस. त्यानं पोरांना रेडिओवर वाजवायला बोलावलं. वय वर्षं अठरा आणि थेट राष्ट्रीय रेडिओ! सगळ्यांना वाटलं, झालं, आता काही मागे वळून बघायला नको. आणि मग काहीच झालं नाही. बाकीची मुलं एकेक करून विद्यापीठात निघून गेली. १९८३ मध्ये पहिला अल्बम आला, 'इट'. मवाळ, सुरेल, थोडा लाजरा. कुणी फारसा घेतला नाही.

मुलांच्या डोक्यात जी गोष्ट असते ती इथपासून पुढची. न डगमगता, दात-ओठ खाऊन, बारा वर्षं तालीम. प्रत्यक्षात तसलं काही नव्हतं. एक म्हणजे बँड टिकलाच नाही. तो अनेकदा मोडला आणि पुन्हा जुळला. १९७८ पासून आजपर्यंत सलग असलेला माणूस एकच, जार्व्हिस. व्हायोलिन आणि गिटार वाजवणारा रसेल सीनियर आला, कीबोर्डवर कँडिडा डॉयल आली, ड्रमवर निक बँक्स, बेसवर स्टीव्ह मॅकी. मार्क वेबर तर आधी चाहता होता, फॅन क्लब सांभाळायचा, मग गिटार घेऊन बँडमध्येच आला. यातली कँडिडा मला सगळ्यात जवळची. सोळाव्या वर्षापासून तिला संधिवात आहे. बोटांचे सांधे दुखत असताना ती गेली चाळीस वर्षं कीबोर्ड वाजवते आहे. चिकाटीचं उदाहरण हवंच असेल तर जार्व्हिसचं घेऊ नका, हिचं घ्या.

दुसरं म्हणजे पोट कसं भरत होतं, हे कुणी विचारतच नाही. सरकारी बेकारभत्त्यावर. थॅचरबाईंच्या काळात शेफिल्डचे पोलाद कारखाने एकामागून एक बंद पडले, हजारो माणसं घरी बसली. त्या उजाड शहरात दोन गोष्टी स्वस्त होत्या: रिकाम्या इमारती आणि वेळ. जार्व्हिस काही काळ एका जुन्या कारखान्याच्या इमारतीतच राहायचा. आठवड्याला भत्त्याचे थोडेसे पाउंड हातात पडत. चैन नव्हती, पण उपाशीही मरत नव्हता. त्या काळातल्या कितीतरी ब्रिटिश बँडांचा खरा निर्माता हा भत्ताच होता, असं मी म्हणते तेव्हा मुलं हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. पुढे १९८८ मध्ये जार्व्हिस पंचविशीत लंडनला सेंट मार्टिन्स कॉलेजात सिनेमा शिकायला गेला. तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांना फी भरावी लागत नसे, उलट गरजूंना राहण्या-खाण्यासाठी अनुदान मिळे. म्हणजे पंधरा वर्षं एका माणसानं नाही काढली, एका व्यवस्थेनं त्याला काढू दिली. त्याच वयाची आपल्याकडची मुलगी नोकरी न करता सहा वर्षं बँड चालवते तेव्हा भत्ता कोण देतं? पालकांकडे बघून मी हे विचारते. बहुतेक जण ओशाळं हसतात आणि गाडीची किल्ली शोधायला लागतात.

तिसरी गोष्ट खिडकीची. १९८५ मध्ये एका मुलीवर छाप पाडायला जार्व्हिस खिडकीबाहेर कठड्याला लोंबकळला. आत परत येता येईना, हात सुटला, खाली कोसळला. हाडं मोडली. हॉस्पिटलात बरेच दिवस पडून होता, नंतर काही महिने चाकाच्या खुर्चीत बसून गायचा. पण त्या वॉर्डात काहीतरी घडलं, हे त्यानं स्वतः नंतर सांगितलंय. आजूबाजूच्या खाटांवर साधी, कष्टकरी माणसं. त्यांच्या गप्पा दिवसभर कानावर. आपण उगाच कुठल्यातरी लांबच्या, उदात्त आयुष्याची वाट बघतोय आणि गाण्याचा सगळा ऐवज तर इथे हाताशी पडलाय, हे त्याला तेव्हा उमगलं. त्यानंतरच्या गाण्यांत हळूहळू पडदे, गालिचे, मोठ्या बहिणीच्या खोलीतलं कपाट, बसस्टॉप असं सगळं यायला लागलं. १९८७ चा 'फ्रीक्स' हा अल्बम अजून अंधारात चाचपडतो, हे खरं. पण दिशा तिथे बदलली.

आणि चौथं कारण अगदीच रुक्ष आहे: करार. तिसरा अल्बम 'सेपरेशन्स' त्यांनी १९८९ मध्ये रेकॉर्ड केला आणि तो दुकानात आला १९९२ मध्ये. लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, पडून होता. तीन वर्षं! या काळात बँड वाट बघत होता की बंद पडला होता, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

मग दिवस फिरले. आयलंडसारखं मोठं लेबल मिळालं, १९९४ मध्ये 'हिज 'न' हर्स' हा अल्बम आला, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला मिळणारा मर्क्युरी पुरस्कार थोडक्यात हुकला. आणि १९९५ च्या मे महिन्यात 'कॉमन पीपल'.

या गाण्यापाशी मी जरा थांबणार, कारण माझा मुद्दाच या गाण्यात आहे. सेंट मार्टिन्समध्ये जार्व्हिसला एक ग्रीक मुलगी भेटली होती. तिला गंमत म्हणून लंडनच्या गरीब वस्तीत जाऊन साध्या लोकांसारखं राहायचं होतं. झालं एवढंच. पंचविशीतल्या जार्व्हिसनं त्यावर लगेच गाणं नाही केलं. ते आलं सहा वर्षांनी, एकतिशीच्या उंबरठ्यावर. लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये त्यानं जुन्या रेकॉर्डी विकल्या, त्या पैशांत एक सेकंडहँड कॅसिओ कीबोर्ड उचलला, त्यावर बोटं फिरवताना ती चाल सापडली.

चाल तरी काय? सी, जी आणि एफ. तीन कॉर्ड. माझ्याकडे दोन महिने शिकलेली पोरंही अर्ध्या तासात बसवतात. आणि मग वाजवायला घेतलं की सगळी गाडी घसरते. कारण गाणं सुरुवातीला ज्या लयीत असतं त्या लयीत संपत नाही. ते चढत जातं, इतकं हळू की वाढलेलं कळत नाही, आणि शेवटाला सगळे जीव तोडून धावत असतात. मेट्रोनोम, म्हणजे एकसारखा ठोका देणारं यंत्र, लावून सराव केलेल्या मुलांची इथे पंचाईत होते. जार्व्हिस पहिलं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो, कॅन्टीनमध्ये शेजारच्याला किस्सा सांगावा तसं. मुलगी विनोदी वाटते, तोही जरा भाळलेला वाटतो. मग एका जागी तिला कळणारच नाही असं काहीतरी तो सांगायला लागतो: तुला कंटाळा आला तर वडिलांना एक फोन, आम्हाला तो फोन नाही. तिथून पुढे आवाज चढतो आणि शेवटी तो ओरडत असतो. विसाव्या वर्षी त्यानं हे गाणं लिहिलं असतं तर एक तर टवाळी झाली असती नाहीतर रडगाणं. राग एवढा वेळ दाबून धरायचा आणि मग नेमका सोडायचा, याला वय लागतं. भत्त्यावर काढलेली ती वर्षं वाट बघण्यात वाया गेली नव्हती. त्या वर्षांतच या माणसाला राग कशाचा येतो ते ठरत होतं.

ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत गाणं दुसऱ्या नंबरावर अडलं. पहिल्या नंबरावर टीव्ही मालिकेतल्या दोन नटांनी गायलेलं जुनं प्रेमगीत होतं. असो.

आता नशिबाची गोष्ट. त्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात शनिवारी रात्री मुख्य मंचावर स्टोन रोझेस हा दुसराच बँड वाजवणार होता. त्यांचा गिटारिस्ट जॉन स्क्वायर सायकलवरून पडला, कॉलरबोन मोडलं. ऐनवेळी पल्पला विचारणा झाली. २४ जून १९९५ ला हजारोंच्या गर्दीपुढे हे उभे राहिले, आणि शेवटचं गाणं म्हणायच्या आधी जार्व्हिसनं लोकांना सांगितलं की मनापासून हवं असलं की ते घडतंच, आम्ही पंधरा वर्षांनी इथे उभे आहोत ते म्हणूनच. मुलं मला हा व्हिडिओ दाखवतात. "बघा ताई, तो स्वतःच म्हणतोय!"

म्हणतोय खरा. पण स्क्वायरची सायकल घसरली नसती तर? जार्व्हिससारखंच मनापासून हवं असलेले शेफिल्डमधले निदान पाच-पन्नास जण त्या रात्री घरी टीव्ही बघत असतील. जिंकलेल्या माणसानं मंचावरून सांगितलेलं कारण मी सहसा धरत नाही. माझा या बाबतीत जार्व्हिसवर विश्वास नाही, त्याच्या गाण्यांवर आहे.

ऑक्टोबरात 'डिफरंट क्लास' आला, पहिल्या नंबरावर गेला, एकट्या ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त खपला. १९९६ चा मर्क्युरी मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिट संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात मायकल जॅक्सन मुलांच्या घोळक्यात देवदूतासारखा गात असताना जार्व्हिस मंचावर घुसला आणि प्रेक्षकांकडे पार्श्वभाग हलवून दाखवला. पोलिसांनी नेलं, चौकशी केली, सोडलं. ज्यांना पल्पचं एकही गाणं माहीत नाही त्यांना एवढंच माहीत असतं. मला तो प्रसंग ना शूर वाटतो ना चीड आणणारा. पोरकटपणा होता, पण ढोंगावरचा होता.

यापुढचा भाग मुलं कधीच विचारत नाहीत, आणि मला तोच सांगायचा असतो. जे हवं होतं ते मिळाल्यावर काय झालं? रसेल सीनियर १९९७ मध्ये बाहेर पडला. म्हातारपणावरचं एक गाणं त्यांनी सिंगल म्हणून काढलं, तेव्हा जार्व्हिस चौतीस वर्षांचा होता. १९९८ चा 'धिस इज हार्डकोर' हा प्रसिद्धीनं आतून पोखरलेल्या माणसाचा अल्बम आहे. जड, गुदमरलेला, आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात धाडसी काम. पार्टीची गाणी मागणारे लोक पांगले. २००१ मध्ये गायक-निर्माता स्कॉट वॉकरच्या हाताखाली 'वी लव्ह लाइफ' केला. त्यात झाडं, नद्या, शेफिल्डच्या पोटातून वाहणारं गटारवजा पाणी. फार विकला गेला नाही. दुसऱ्या वर्षी बँडनं गाशा गुंडाळला, भांडणतंटा न करता.

अपयशात पंधरा वर्षं काढणारा बँड यशात जेमतेम सात वर्षं टिकला. चिकाटीवाल्यांनी याचा हिशेब जरूर मांडावा.

२०११-१२ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, जुनी गाणी वाजवून परतले. २०२२ मध्ये पुन्हा ठरलं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये स्टीव्ह मॅकी गेला, छप्पन्नाव्या वर्षी. जून २०२५ मध्ये 'मोअर' आला, २४ वर्षांनी पहिला नवा अल्बम. तो थेट पहिल्या नंबरावर गेला. त्याच महिन्यात ग्लास्टनबरीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'पॅचवर्क' असं कुणीही न ऐकलेलं नाव होतं, आणि ठरल्या वेळी बाहेर आले हेच. जार्व्हिस एकसष्ट वर्षांचा होता. अल्बममधली सगळीच गाणी जमलीत असं नाही, मधली दोन-तीन मी सोडून देते. पण नाती, घटस्फोट, म्हातारपण या विषयांवर रॉक बँडनं वयाचं सोंग न आणता गाणं करावं, हे तिथे जमलंय.

आईबाबांपैकी एकानं परवा विचारलं, "मग मुलीला बँड सोडायला सांगू की नको?" मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही बघा, भत्ता तुमचा आहे. पण कुठून ऐकायला सुरुवात करू असं विचाराल तर सांगते. 'डिफरंट क्लास' नको, तो सगळेच ऐकतात. १९९४ चा 'हिज 'न' हर्स' घ्या, शक्यतो हेडफोन लावून, कारण जार्व्हिस ओळींच्या मध्ये जे श्वास आणि कुजबुज सोडतो ते स्पीकरवर हरवतं. मग 'हार्डकोर'. १९८३ चा 'इट' अगदी शेवटी, आणि तोही नाही ऐकलात तरी चालेल.