चोवीस आरे आणि एकच रेघ

खतावण्या लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाने जावा ही संगणकाची भाषा शिकायला घेतली, की सुरुवातीचे प्रोग्राम त्याला परके वाटत नाहीत. सरळव्याज, पाढे, सरासरी यांत शेवटी आकडेच असतात. चित्र काढण्याच्या पाठापाशी मात्र मी अडखळलो आणि बरेच दिवस विचार करून राष्ट्रध्वज काढायचे ठरवले, कारण त्याची मापे ठरलेली आहेत आणि उत्तर ताडून पाहता येते. ध्वजसंहितेत ध्वजाचे नऊ आकार दिलेले आहेत. त्यांपैकी ४५० मिलिमीटर लांब व ३०० मिलिमीटर रुंद ध्वजावरील अशोकचक्राचा व्यास ९० मिलिमीटर असतो. एका मिलिमीटरला एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, धरला, की प्रत्येक पट्टा नेमका १०० पिक्सेलांचा होतो. ४०० पिक्सेलांची उंची घेतली असती, तर पूर्णांकी भागाकारात प्रत्येक पट्ट्याला १३३ मिळून तळाशी एक पिक्सेल शिल्लक राहिला असता, आणि जमाखर्चातला एका पैशाचा फरक मला जसा झोपू देत नाही तसाच तोही देता ना.

माझ्याजवळचे पुस्तक जुने असल्यामुळे त्यातली सगळी चित्रे ॲपलेटमध्ये, म्हणजे वेबपानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्राममध्ये, काढलेली होती. ॲपलेट २०१७ साली जावा ९ मध्येच कालबाह्य ठरवले गेले, तेव्हा तो भाग सोडून मी स्विंग या जावाच्या चित्रसंचातल्या जेफ्रेमकडे, म्हणजे खिडकीकडे, वळलो. जेफ्रेमचा आकार ४५० बाय ३०० ठेवून थेट तिच्यावरच तीन आयत रंगवले, आणि केशरी पट्टा इतर दोघांपेक्षा अरुंद दिसू लागला. फ्रेमचे शून्य-शून्य हे स्थान खिडकीच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि शीर्षकाची पट्टी त्याच जागेत बसते, त्यामुळे माझ्या केशरी रंगाचा काही भाग त्या पट्टीखाली गेला होता. खिडकीच्या आत बसणारी जेपॅनेल ही चित्राची पाटी घेऊन तिचा हवा असलेला आकार सांगितला आणि शेवटी पॅक ही आज्ञा दिली, तेव्हा खिडकीने पॅनेलभोवती स्वतःची जागा वेगळी धरली.

पॅनेलमधली चित्र काढणारी पेंटकम्पोनंट ही मेथड (ठरावीक काम करणारा सूचनांचा गट) आपण स्वतः बोलवायची नसते, हे पचायला मला वेळ लागला. खिडकी मोठी केली, लहान केली किंवा झाकून पुन्हा उघडली, की जावा स्वतःच तिला बोलावते आणि चित्र पहिल्यापासून काढून घेते. किती वेळा बोलावते हे पाहण्यासाठी मी तिच्यात एक मोजणी ठेवली होती. खिडकीचा कोपरा एकदा ओढला आणि तो आकडा भराभर वाढत गेला.

खरी मजा चक्रात आली. वर्तुळ काढणाऱ्या ड्रॉओव्हलला केंद्र द्यायचे नसते, तर वर्तुळ ज्या चौकोनात मावते त्याचा वरचा डावा कोपरा द्यायचा असतो. म्हणजे केंद्र २२५, १५० असेल तर कोपरा १८०, १०५. हे जमले. मग चोवीस आऱ्यांसाठी शून्यापासून तेविसापर्यंत फिरणारे लूप, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा करणारा भाग, लिहिले, त्यातल्या मोजणीला आय हे नाव दिले आणि कोनासाठी ‘आय भागिले २४ गुणिले २ गुणिले पाय’ असे सूत्र दिले. पडद्यावर केंद्रापासून उजवीकडे जाणारी एकच आडवी रेघ उमटली. लूप एकदाच फिरत असावे, अशी माझी पहिली समजूत झाली, म्हणून आत छापण्याची ओळ टाकली, तर आकडे शून्य ते तेवीस व्यवस्थित आले. मग कोन छापून पाहिला : चोवीसही वेळा ०.०. आय आणि २४ हे दोन्ही पूर्णांक असल्यामुळे जावा त्यांचा भागाकारही पूर्णांकातच करते, आणि २४ पेक्षा लहान कोणत्याही संख्येला २४ ने भागले की शून्यच उरते. चोवीस आरे काढले गेले होते, फक्त सगळे एकावर एक. ‘२ गुणिले पाय गुणिले आय भागिले २४’ असा क्रम बदलल्याबरोबर दशांश आधी आला आणि पंधरा-पंधरा अंशांवर आरे उघडले. हेच सूत्र एखाद्या तक्त्यात दडलेले असते, तर शून्यांची ती रांग मी कदाचित खरीही मानली असती.

पडद्यावर वाय, म्हणजे उभ्या दिशेचा आकडा, खाली उतरताना वाढतो, त्यामुळे माझे आरे शाळेतल्या भूमितीच्या उलट, घड्याळाच्या दिशेने उमटत होते. चक्र सगळीकडून सारखे असल्याने ते कळलेही नाही.

शेवटी संविधान सभेने ध्वज स्वीकारला ती तारीख, २२ जुलै १९४७, ध्वजाच्या खाली लिहावी म्हणून पॅनेल चाळीस पिक्सेलांनी उंच केले आणि अक्षरे लिहिणाऱ्या ड्रॉस्ट्रिंगला वाय म्हणून ३०० दिले. ध्वजावर अक्षरे लिहिणे संहितेला मान्य नाही, आणि माझी अक्षरे नेमकी हिरव्या पट्ट्यावर चढून बसली. ‘जु’चा उकार तेवढा खाली लोंबत राहिला. आपण शिरोरेषा ओढून तिला अक्षरे टांगतो, तर जावाला अक्षरे ज्या रेघेवर उभी राहतात ती रेघ सांगावी लागते. अक्षरांची मापे सांगणाऱ्या फॉन्टमेट्रिक्सकडून त्या रेघेच्या वरची अक्षरांची उंची विचारून ती ३०० मध्ये मिळवली, आणखी चार पिक्सेल सोडले आणि तारीख ध्वजाखाली उतरली.