खारट बोअरवर पीक काढायचं म्हणजे काय काय करावं लागतं (माझा अनुभव)

आमच्याकडे पाऊस मुळातच कमी, बोअरला पाणी आहे पण मचूळ, आणि अशा पाण्यावर शेती होत नाही असं सगळे सांगायचे. होते, पण पाण्याबरोबर मिठाचाही हिशोब ठेवावा लागतो, आणि तो शिकेपर्यंत बरंच डोकं लावावं लागलं म्हणून सगळं लिहून काढतोय.

पहिलं काम पाणी तपासणी. सॅम्पल घेताना मोटर चालू करून लगेच बाटली भरायची नाही, पाइपात साचलेलं जुनं पाणी जाऊ द्यायचं, अर्धा तास पंप चालला की मग बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरायची, आत हवा राहू द्यायची नाही, आणि लवकरात लवकर लॅबला द्यायची. रिपोर्टमध्ये आकडे भरपूर असतात, पण आधी तीनच बघायचे: ईसी म्हणजे एकूण क्षार, एसएआर म्हणजे सोडियमचा जोर, आणि आरएससी म्हणजे कार्बोनेट-बायकार्बोनेट कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा किती जास्त आहेत ते. ईसी (डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) ०.७ च्या खाली असेल तर काळजी नाही, ३ च्या वर गेली की पाणी अवघड धरतात, माझी आली ३.२. पण एसएआर कमी होता आणि आरएससीही १.२५ (मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर) च्या खाली होता, म्हणजे पाणी खारट होतं पण जमीन चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट आणि पाणी न मुरणारी, करणारं नव्हतं. हा फरक कळला ते बरं झालं, कारण जो भेटेल तो जिप्सम टाका म्हणत होता. जिप्सम सोडियमच्या त्रासावर चालतं, नुसत्या खारटपणावर नाही, उलट ते स्वतःच एक मीठ आहे.

आरओ प्लांटचाही विचार करून झाला. पाणी गोड होतं हे खरं, पण चार लिटर आत घातलं की साधारण एक लिटर आणखी खारट होऊन बाहेर पडतं, ते टाकायचं कुठे? शेजाऱ्याच्या ओढ्यात? शिवाय आरओच्या पाण्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमही निघून जातं, इस्रायलमध्ये समुद्राचं गोड केलेलं पाणी शेतीला द्यायला लागल्यावर मॅग्नेशियम वेगळं द्यायची वेळ आली होती. तिथलं सांडपाणी शुद्ध करून शेतीला वापरायचं काम मला जास्त पटतं, पण त्यासाठी जवळ मोठं गाव आणि शुद्धीकरण प्रकल्प लागतो, एकट्याच्या हातात ते नाही.

मग राहिलं शेततळं. पावसाचं पाणी साठवायचं आणि बोअरच्या पाण्यात मिसळायचं, गणित अगदी सरळ आहे, तळ्याची ईसी ०.३ आणि बोअरची ३.२, निम्मं-निम्मं केलं की १.७५. खाली प्लास्टिकचा कागद अंथरला की पाणी झिरपत नाही, पण वरून उडतं ते कोण थांबवणार, कोरड्या भागात उन्हाळ्यात उघड्या तळ्यातून रोज ५ ते ८ मिलिमीटर सहज जातं आणि उडतं फक्त पाणी, क्षार मागे राहतात, म्हणजे तळं आटत जातं तशी त्याचीही ईसी चढते. म्हणून मी तळ्यावर शेडनेट टाकलं आणि तळ्याचं पाणी आधी उगवणीसाठी राखून उरलेलंच मिसळायला वापरायला लागलो. पीक कोवळं असताना खारटपणा सगळ्यात जास्त बाधतो, एकदा मुळं धरली की बरंच सोसतं. पीक निवडतानाही तेच, घेवडा आणि कांदा असल्या पाण्यावर लगेच मार खातात, टोमॅटो मध्यम, कापूस आणि सातू चांगले तगतात.

आता मिठाचा हिशोब. ईसी १.७५ म्हणजे लिटरला साधारण सव्वा ग्रॅमला थोडं कमी मीठ. ऐकायला काहीच नाही. पण हंगामात ४०० मिलिमीटर पाणी दिलं तर हेक्टरला ४० लाख लिटर होतं आणि त्यातून जवळपास साडेचार टन क्षार शेतात येतात! पीक पाणी पितं, मीठ जमिनीतच सोडतं. ते मुळांच्या खाली ढकलायला गरजेपेक्षा जास्त पाणी द्यावंच लागतं, टोमॅटोसाठी सूत्राने काढलं तर दिलेल्या पाण्यातलं १६ टक्के खाली जायला हवं. टंचाईत जास्तीचं पाणी द्या म्हणणं विचित्र वाटतं, घरातही पटवताना नाकी नऊ आले, पण जेमतेम पाणी देऊन वाचवलेलं पाणी पुढच्या हंगामात जमिनीवर पांढरं फुटतं.

ठिबकमध्ये आणखी एक गंमत आहे. ड्रीपरभोवती जो ओला गोळा होतो त्याच्या कडेला क्षार जमतात, पांढरी गोल कड स्पष्ट दिसते, आणि पहिला हलका पाऊस आला की तेच क्षार विरघळून परत मुळांकडे सरकतात. म्हणून सगळे पाऊस आला की ठिबक बंद करतात तेव्हा मी चालू ठेवतो, चांगला जोराचा पाऊस होऊन क्षार खाली जाईपर्यंत. लोक हसतात, हसू देत. ड्रीपरच्या तोंडावर चुन्याची खपली धरते त्यासाठी अधूनमधून ॲसिड सोडून लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) टोकं उघडून फ्लश करतो, आणि ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

हंगाम संपला की वरच्या फुटाची आणि खालच्या फुटाची माती वेगवेगळी तपासतो. खालची जास्त खारट आली की समजायचं मीठ खाली सरकतंय, वरची जास्त आली तर पाणी कमी पडतंय. ज्यांची जमीन भारी आहे किंवा खाली कठीण थर आहे त्यांनी मात्र बोअरचं पाणी सोडायच्या आधी खड्डा खणून त्यात पाणी भरून बघा किती वेळात मुरतं ते, दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल तर आधी चर काढून निचऱ्याची सोय करा, नाहीतर खाली ढकललेलं मीठ तिथेच बसून परत वर येईल.