टाके का पिकले?

अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी राउंडला ताप 101. जखम वरून छान दिसत होती: पट्टी कोरडी, टाके एका रेषेत. फक्त तिसऱ्या-चौथ्या टाक्याच्या मध्ये कातडी जरा चकचकीत, हाताला गरम. हलकं दाबलं तर टाक्याच्या भोकातून राखाडी, पातळ पुवाचा थेंब वर आला.

मुलगा एकोणीस वर्षांचा, वजन 92 किलो. तीन दिवस गॅस समजून घरी ओवा-सोडा. पोट उघडलं तर अपेंडिक्स टोकाला फुटलेलं. असं अपेंडिक्स बाहेर काढताना कातडीखालच्या चरबीला घासत येतं. चरबीला रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे स्नायू ज्या जंतूंना पुरून उरतो ते तिथे ठाण मांडतात. जखमेच्या कडांना ओल्या मॉपचं, म्हणजे जाड कापडी पट्ट्यांचं, अस्तर होतं. वूंड प्रोटेक्टर, म्हणजे कडा झाकणारी प्लास्टिकची बाही, आमच्याकडे मागणीच्या कागदावरच असतो.

चिरा देण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक रक्तात हवं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन वेळेत गेलं. दुसरं अँटिबायोटिक मेट्रोनिडॅझोल, त्याची 100 मिलीची बाटली संपायला वीसेक मिनिटं तरी लागतात, ती लावली टेबलावर घेतल्यावर. चिरा दिला तेव्हा निम्मी शिल्लक. त्यात वॉर्डात रेझरने सफाचट करून पाठवलेलं. क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, कपाटात कुलूपबंद, कारण हरवला तर भरून कोण देणार! रेझरचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना उघडं दार, हे किती वेळा सांगायचं?

मग शिवण. पेरिटोनियम, म्हणजे पोटाचं आतलं अस्तर, 2-0 व्हिक्रिलने, म्हणजे विरघळणाऱ्या धाग्याने. आतले स्नायू नुसते जवळ आणले. आवळले की तेवढा भाग मरतो. एक्स्टर्नल ऑब्लिकचा, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या स्नायूचा, पांढरा पडदा 1 नंबर व्हिक्रिलने सलग. मग ग्लोव्हज आणि हत्यारं बदलून चरबी अर्धा लिटर सलाइनने धुतली, आणि कातडी 3-0 एथिलॉनने, म्हणजे नायलॉनच्या धाग्याने, पूर्ण शिवली. मी अडकलोय तो इथेच. उघडी ठेवून चार-पाच दिवसांनी शिवायची जुनी पद्धत आहे. पण तिने जखमा खरंच कमी पिकतात, असं अभ्यासांतून ठामपणे निघालेलं नाही, आणि रोजचं ड्रेसिंग पेशंटला नकोसं होतं.

मधले तीन टाके कापले. चमचाभर पू निघाला, तो कल्चरला, म्हणजे जंतू ओळखायला. बोट घालून पाहिलं, पडदा शाबूत होता. सलाइनने धुऊन ओला गॉज सैल ठेवला. बोळा ठासला की पू आतच कोंडतो. संध्याकाळी ताप उतरला. कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आला, तोही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारा. तरी भोवती लाली पसरलेली नव्हती, म्हणून औषध वाढवलं नाही. ज्युनियरला ते पटलं नाही.

"भात दिला म्हणून पिकलं का हो, डॉक्टर?" आईने विचारलं.

"नाही हो मावशी. वरण-भात द्या, अंडं द्या."

गेल्या आठवड्यात आणखी एक फुटलेलं आलं. एथिलॉनचे टाके घातले, गाठी मारल्या नाहीत, मध्ये ओला गॉज. चौथ्या दिवशी कडा स्वच्छ होत्या, वॉर्डातच गाठी मारल्या. मात्र हा पोरगा सडपातळ. लगेच शिवला असता तरी कदाचित सुकलाच असता.